मूल्यांचे मोजमाप : देशोदेशी आणि पिढ्यानुपिढ्या

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा पाठ)



कोणत्याही संस्थेच्या सुवर्णमहोत्सवात एक वाक्य हमखास कानी पडते : "पूर्वीचे संस्कार आता राहिले नाहीत." वडीलधारी मंडळी ते व्यथेने उच्चारतात आणि तरुण मंडळी मान खाली घालून ऐकून घेतात. त्या वाक्याला आधार काय, असे सहसा कोणी विचारीत नाही. वस्तुतः ते एक तुलनात्मक विधान आहे. ते सिद्ध करायचे तर पन्नास वर्षांपूर्वीचे एक माप हवे, आजचे एक माप हवे आणि दोन्ही वेळी मोजणारी पट्टी एकच हवी. माणसाची मूल्ये अशी मोजता येतात काय, एका देशाची दुसऱ्या देशाशी आणि एका काळाची दुसऱ्या काळाशी तुलना न्यायाने कशी करावी, या प्रश्नांवर गेल्या पन्नास-साठ वर्षांत जगभर मोठे संशोधन झाले आहे. त्या संशोधनाची ओळख करून देणे आणि वरील वाक्य त्याच्या कसोटीवर घासून पाहणे, एवढाच या व्याख्यानाचा हेतू आहे.

मूल्य विचारायचे कसे?

"तुम्हाला सत्य महत्त्वाचे वाटते का?" असे विचारले तर नाही म्हणणारा विरळाच. दया, सचोटी, कुटुंबप्रेम यांविषयीही तेच. म्हणून मूल्यांचा अभ्यास करणाऱ्यांपुढे पहिली अडचण उभी राहिली ती ही, की सगळेच सगळ्याला चांगले म्हणतात. मिल्टन रोकीच या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने यावर साधा उपाय योजला. त्याने अठरा अंतिम ध्येये आणि अठरा आचरणगुण अशा दोन याद्या केल्या आणि प्रत्येक यादी पसंतीच्या क्रमाने लावण्यास सांगितले. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथाचे सार असे, की माणसामाणसांत फरक असतो तो मूल्ये असण्या-नसण्याचा नव्हे, तर त्यांच्या क्रमाचा. दोन मूल्यांत संघर्ष उभा राहिला असता माणूस कोणते आधी उचलतो, यावरून त्याची ओळख पटते.

याच दिशेने जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील शालोम श्वार्ट्झ यांनी पुढचे पाऊल टाकले. वीस देशांतील सामग्रीच्या आधारे १९९२ साली त्यांनी दहा मूलभूत मूल्यगट मांडले : सत्ता, यशप्राप्ती, सुखोपभोग, नवलाईची ओढ, आत्मनिर्णय, विश्वबंधुत्व, आप्तजनांविषयीचा सद्भाव, परंपरा, अनुसरण आणि सुरक्षितता. ही मूल्ये वर्तुळात बसतात. शेजारची मूल्ये एकमेकांना पूरक असतात, तर समोरासमोरची एकमेकांना खेचतात. सत्तेच्या समोर विश्वबंधुत्व येते. परंपरेच्या समोर नवलाईची ओढ येते. पुढे अनेक देशांतील उत्तरे पडताळल्यावर एक आश्वासक गोष्ट आढळली. बहुतेक समाजांत आप्तजनांविषयीचा सद्भाव, विश्वबंधुत्व आणि आत्मनिर्णय ही मूल्ये वरच्या क्रमांकांवर येतात आणि सत्ता तळाशी राहते. म्हणजे मानवजातीच्या मूल्यक्रमात भेद आहेत, तसेच साम्यही मोठे आहे.

भाषेचा उंबरठा

परंतु प्रश्नावली एका देशातून दुसऱ्या देशात जाते तेव्हा तिला भाषेचा उंबरठा ओलांडावा लागतो. यासाठी एक जुनी पद्धत आहे : एकाने भाषांतर करावे, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत मूळ भाषेत न्यावे आणि दोन्ही पाठ ताडून पाहावेत. या पद्धतीने शब्दांची चूक सापडते. मात्र शब्द बरोबर असूनही अर्थ निसटू शकतो, आणि हे जैन श्रोत्यांना कोणाहीपेक्षा लवकर उमगेल.

जागतिक मूल्य सर्वेक्षण हे या क्षेत्रातील सर्वांत व्यापक काम. १९८१ साली सुरू झालेल्या युरोपीय मूल्य अभ्यासातून ते वाढले. मिशिगन विद्यापीठाचे रोनाल्ड इंगलहार्ट यांनी त्याला जागतिक रूप दिले, आणि त्याची सातवी फेरी २०१७ ते २०२२ या काळात झाली. त्यात एक प्रश्न असतो : "तुमच्या जीवनात ईश्वराला किती महत्त्व आहे?" उत्तर एक ते दहा या अंकांत द्यायचे. परंपरानिष्ठ आणि ऐहिक-बुद्धिवादी अशा अक्षावर देशांची स्थाने ठरविताना जे मोजके प्रश्न वापरले जातात, त्यांत हा एक आहे. आता एखाद्या जैन श्रावकाची कल्पना करावी. तो नित्य देवदर्शन करतो, चौविहार पाळतो, पर्युषणात उपवास करतो. पण सृष्टीचा कर्ता असा ईश्वर त्याच्या दर्शनाला मान्य नाही. तत्त्वाला धरून त्याने खालचा अंक दिला, तर कागदावर तो ऐहिक वृत्तीचा ठरेल. "देव" या शब्दाने त्याच्या मनात तीर्थंकर आले आणि त्याने दहा दिले, तर तो कर्त्या ईश्वराला मानणाऱ्यांच्या पंक्तीत बसेल. दोन्ही उत्तरे प्रामाणिक आहेत आणि दोन्ही वेळा नोंद मात्र चुकते. जिथे धर्म म्हणजे ईश्वरश्रद्धा असे समीकरण आहे, तिथे प्रश्न ठीक बसतो. श्रमण परंपरेत तो तसा बसत नाही.

असेच दुसरे उदाहरण. मुलांना घरी कोणते गुण शिकवावेत, अशी एक यादी या सर्वेक्षणात दाखवतात आणि जास्तीत जास्त पाच गुण निवडायला सांगतात. त्यांत स्वावलंबन, कष्टाळूपणा, जबाबदारीची जाणीव, सहिष्णुता, काटकसर, धर्मश्रद्धा, आज्ञाधारकपणा असे गुण आहेत. "काटकसर" या गुणावर खूण करणारा एक पालक व्यापाराच्या शिस्तीतून ती करील, तर दुसरा अपरिग्रहाच्या भावनेतून. पहिल्याला संचय वाढवायचा आहे. दुसऱ्याला संचयाची आसक्ती कमी करायची आहे. दोघांची खूण मात्र एकाच चौकटीत पडते. "संयम" या गुणाचेही तसेच. श्वार्ट्झ यांच्या मांडणीत इतरांना त्रास होईल असे वर्तन आवरणे हा अनुसरणाचा भाग आहे. जैन परंपरेतील संयम हा मुख्यतः आत्मशुद्धीचा मार्ग आहे. पाहणारा कोणी नसला तरी तो पाळायचा असतो.

काटा सारखा आहे काय?

समजा, अर्थही नीट पोहोचला. तरी मोजण्याची पट्टी सर्वांच्या हातात सारखी असते का? व्यापारी समाजाला ही अडचण वजनकाट्याच्या उदाहरणाने चटकन कळेल. एका दुकानाचा काटा रिकाम्या पारड्यालाच पन्नास ग्रॅम दाखवतो. त्या दुकानात काल आणि आज तोललेल्या मालातील फरक बरोबर येईल, कारण चूक दोन्ही वेळा सारखीच आहे. पण त्या दुकानाचे वजन शेजारच्या दुकानाशी ताडून पाहिले, तर तुलना खोटी ठरेल. काही समाजांत प्रत्येक विधानाला "हो" म्हणण्याची किंवा टोकाचे अंक देण्याची रीत असते. काही समाजांत मधला अंक हाच शिष्टाचार असतो. म्हणून श्वार्ट्झ यांच्या पद्धतीत प्रत्येक उत्तरदात्याची स्वतःची सरासरी त्याच्या अंकांतून वजा करतात. हात सैल असणाऱ्याचा आणि हात आखडता असणाऱ्याचा भेद त्यामुळे बराच निघून जातो आणि उरतो तो मूल्यांचा क्रम.

ही अडचण किती फसवी असते, याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. गॅरी किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली चीन आणि मेक्सिको यांची तुलना प्रसिद्ध केली. शासनाने लक्ष घालावे यासाठी तुमच्या म्हणण्याला किती वजन आहे, असे दोन्ही देशांत विचारले होते. मेक्सिकोत २००० साली मतदारांनी अनेक दशकांचा सत्ताधारी पक्ष पायउतार केला होता. चीनमध्ये अशी निवडणूकच नव्हती. तरीही थेट उत्तरांत चीनचे नागरिक आपले वजन अधिक सांगत होते. मग संशोधकांनी सर्वांना काही काल्पनिक व्यक्तींचे छोटे प्रसंग ऐकवले. कोणाच्या गावाला स्वच्छ पाणी नाही आणि तो शासनापर्यंत पोहोचू शकतो. कोणी निमूटपणे सोसतो. या व्यक्तींना किती अंक द्याल, असे विचारल्यावर दोन देशांचे काटे उघडे पडले. चीनमधील अनेक उत्तरदात्यांनी निमूट सोसणाऱ्यापेक्षाही स्वतःला खाली ठेवले. त्या काट्याने दुरुस्ती केल्यावर निष्कर्ष उलटला.

विश्वासाच्या प्रश्नाचेही असेच झाले. "बहुतेक माणसांवर विश्वास ठेवता येतो काय?" या प्रश्नाला नॉर्वे, स्वीडनसारख्या देशांत आणि चीनमध्येही मोठ्या संख्येने होकार मिळत आला आहे. परंतु "बहुतेक माणसे" म्हणजे कोण? ५१ देशांच्या सामग्रीवरील एका अभ्यासाने २०११ साली दाखवले, की काही देशांत या शब्दांनी अनोळखी माणसे डोळ्यांपुढे येतात, तर चीनसारख्या देशांत प्रामुख्याने घरची, शेजारची, ओळखीची माणसे. शब्द तोच असला तरी त्याचा परीघ वेगळा होता.

काळाची तुलना

आता मूळ वाक्याकडे वळावयास हरकत नाही. "पूर्वीचे संस्कार आता राहिले नाहीत" असे म्हणताना बहुधा आजच्या वृद्धाची आजच्या तरुणाशी तुलना केलेली असते. सत्तर वर्षांचे आजोबा रोज सामायिक करतात, वीस वर्षांचा नातू करीत नाही. यावरून काय सिद्ध होते? तीन शक्यता संभवतात. पहिली वयाची : आजोबाही विसाव्या वर्षी करीत नसतील आणि नातू सत्तराव्या वर्षी करू लागेल. दुसरी पिढीची : नातवाची घडणच निराळी झाली असेल आणि ती आयुष्यभर तशीच राहील. तिसरी काळाची : शहर, नोकरी, प्रवासाचा वेळ यांमुळे सर्वच वयांच्या माणसांचे आचरण बदलले असेल. एका वेळच्या पाहणीतून या तिन्ही शक्यता वेगळ्या काढता येत नाहीत. त्यासाठी तोच प्रश्न वर्षानुवर्षे विचारत राहावे लागते.

इंगलहार्ट यांनी नेमके हेच केले. १९७० साली ब्रिटन, फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, नेदरलँड्स आणि बेल्जियम या सहा देशांत लोकांना चार उद्दिष्टांतून दोन निवडण्यास सांगण्यात आले : सुव्यवस्था राखणे, महागाई रोखणे, शासनात लोकांचा सहभाग वाढवणे आणि भाषणस्वातंत्र्य जपणे. युद्धाच्या आणि टंचाईच्या छायेत वाढलेल्या पिढ्यांनी पहिली दोन अधिक निवडली. सुबत्तेत वाढलेल्यांचा कल शेवटच्या दोहोंकडे अधिक होता. टीकाकार म्हणाले, हा वयाचा परिणाम. तरुण वयस्क झाले की बदलतील. त्यानंतर अनेक वर्षे तेच प्रश्न विचारले गेले. महागाई भडकली की सर्व पिढ्यांचा कल सुरक्षिततेकडे झुकला आणि ती ओसरली की परत फिरला. पण पिढ्यापिढ्यांमधील अंतर मोठ्या प्रमाणात टिकून राहिले. वय वाढल्याने ते मिटले नाही. बालपणी ज्याची चणचण भासली त्याचे मोल माणूस आयुष्यभर अधिक मानतो, हा त्यांचा सिद्धांत यातून बळकट झाला. इंगलहार्ट यांचे २०२१ साली निधन झाले. त्यांनी सुरू केलेली मोजणी पुढे चालू राहिली.

दुसरे उदाहरण एका लहान शहराचे आहे आणि संस्थांना ते अधिक जवळचे वाटेल. अमेरिकेतील इंडियाना राज्यात मन्सी नावाचे शहर आहे. रॉबर्ट आणि हेलन लिंड या दांपत्याने १९२४च्या सुमारास तेथे राहून अभ्यास केला आणि १९२९ साली शहराचे नाव झाकून त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. मुलांच्या अंगी कोणते गुण बाणवणे अगत्याचे आहे, असे त्यांनी तेथील मातांना एक यादी देऊन विचारले होते. पन्नासहून अधिक वर्षांनी, १९७८ साली, दुसऱ्या संशोधकांनी त्याच शहरातील मातांना तीच यादी दिली. पहिल्या वेळी जवळजवळ निम्म्या मातांनी कडक आज्ञाधारकपणा निवडला होता. दुसऱ्या वेळी पाचांत एकीहूनही कमी मातांनी तो निवडला. उलट स्वतंत्रपणे विचार करण्याचा गुण आधी सुमारे चौथ्या हिश्शाने निवडला होता, तो नंतर सुमारे तीन चतुर्थांश मातांनी निवडला. इतरांविषयीची सहिष्णुता आधी फार थोड्यांच्या यादीत होती, ती पुढे जवळजवळ निम्म्यांच्या यादीत आली.

या माता संस्कारहीन झाल्या होत्या, असे म्हणता येईल काय? त्यांनी मुलांना संस्कार देणे सोडले नव्हते. कोणता संस्कार आधी द्यावा, याचा क्रम बदलला होता. "संस्कार राहिले नाहीत" आणि "संस्कारांचा क्रम बदलला" ही दोन भिन्न विधाने आहेत. पहिल्यावर फक्त हळहळता येते. दुसऱ्यावर चर्चा करता येते.

एकशे नऊ माणसे

आता आरसा स्वतःकडे वळवावा. २०११च्या जनगणनेनुसार भारतात जैनांची संख्या सुमारे ४४ लाख ५२ हजार, म्हणजे लोकसंख्येच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी. त्यांपैकी सुमारे १४ लाख महाराष्ट्रात. देशभरातून दोन हजार माणसे निवडून सर्वेक्षण केले, तर त्यांत जैन येतील जेमतेम सात-आठ. इतक्यांवरून समाजाविषयी काहीही बोलता येत नाही.

प्यू संशोधन केंद्राने २०१९च्या नोव्हेंबरपासून २०२०च्या मार्चपर्यंत १७ भाषांत २९,९९९ प्रौढ भारतीयांच्या मुलाखती घेतल्या आणि २०२१ साली अहवाल प्रसिद्ध केला. त्यांत जैन होते १०९. त्यांच्यापैकी ९२ टक्के शाकाहारी निघाले आणि सुमारे दोन-तृतीयांशांनी कंदमुळे वर्ज्य असल्याचे सांगितले. हे आकडे समाजात अभिमानाने सांगितले जातील. पण त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे : ५४ टक्के जैन उत्तरदात्यांनी मुसलमान शेजारी स्वीकारण्यास नकार दिला. अनेकान्ताचा वारसा सांगणाऱ्या समाजाला हा आकडा अस्वस्थ करील. तेव्हा लगेच म्हणावेसे वाटते, की १०९ माणसांवरून काय ठरणार?

ती शंका रास्त आहे. इतक्या लहान नमुन्यात निम्म्याच्या आसपासचा आकडा सहज नऊ-दहा टक्के इकडे-तिकडे असू शकतो. म्हणून बहुसंख्य जैनांचे असे मत आहे, असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण शंका घ्यायची तर दोन्ही आकड्यांवर घ्यावी. शाकाहाराच्या आकड्याला मान आणि शेजाराच्या आकड्याला नकार, असा सोयीचा न्याय सत्यव्रताला शोभत नाही. नमुना दुप्पट केला तरी हा आकडा शून्याजवळ जाईल, अशी आशा गणिताच्या आधारे करता येत नाही.

याच सर्वेक्षणाने एक व्यापक गोष्टही दाखवली. सर्व धर्मांचा आदर करणे हा खऱ्या भारतीयत्वाचा अत्यंत महत्त्वाचा भाग आहे, असे ८४ टक्के भारतीयांनी सांगितले. त्याच वेळी आपल्या समाजातील स्त्रियांचे परधर्मीयांशी होणारे विवाह रोखणे फार महत्त्वाचे आहे, असे सुमारे दोन-तृतीयांश हिंदूंनी आणि सुमारे चार-पंचमांश मुसलमानांनी म्हटले. पाश्चात्त्य वाचकाला यात विसंगती दिसते. येथे मात्र सहिष्णुता म्हणजे आपापल्या घरी राहून दुसऱ्याच्या घराचा मान राखणे, असा अर्थ अनेकांच्या मनात आहे. तो पुरेसा आहे काय, हा प्रश्न सर्वेक्षण सोडवीत नाही. ते फक्त तो समोर ठेवते.

पुढील पन्नास वर्षांसाठी

कोणतीही वस्तू पारखताना द्रव्य, क्षेत्र, काल आणि भाव यांची अपेक्षा ध्यानात घ्यावी, असे जैन परंपरा सांगते. मूल्यांच्या आकड्यालाही हेच चार प्रश्न विचारावेत. द्रव्य : कोणाला आणि किती जणांना विचारले? क्षेत्र : कोठे आणि कोणत्या भाषेत? काल : केव्हा, आणि तोच प्रश्न पूर्वी कधी विचारला होता काय? भाव : उत्तर देणाऱ्याने शब्दाचा कोणता अर्थ घेतला? या चार अपेक्षांवाचून सांगितलेला आकडा एकान्तिक होय.

पन्नास वर्षांपूर्वी हे प्रश्न येथे कोणी विचारून ठेवले नाहीत. म्हणून संस्कार घटले की वाढले, हे आज कोणी ठामपणे सांगू शकत नाही. हे वैगुण्य पुढील पिढीच्या वाट्याला येऊ नये. पाठशाळेतील मुलांच्या माता-पित्यांना दहा-पंधरा गुणांची एक साधी यादी द्यावी आणि त्यांतील महत्त्वाचे तीन निवडण्यास सांगावे. त्यांत आज्ञाधारकपणा असावा, स्वतंत्र विचार असावा, अहिंसा, अपरिग्रह, परधर्मीयांविषयी आदर आणि नित्यनेमही असावेत. नाव लिहू नये. वय आणि लिंग लिहावे. उत्तरे विश्वस्तांच्या किंवा गुरुजींच्या हाती न देता बंद पेटीत टाकावीत, कारण वडीलधाऱ्यांसमोर माणूस स्वतःचे मत देण्याऐवजी त्यांना रुचेल ते सांगतो. प्रश्नाचे शब्द, तारीख आणि उत्तरांची संख्या दप्तरी जपून ठेवावी. पंचवीस वर्षांनी, अमृतमहोत्सवाच्या वेळी, शब्दही न बदलता तीच यादी पुन्हा द्यावी.

या कामाला कागदाचे एक बंडल आणि एक रविवार पुरेल. त्यातून तरुणांविषयीची एक तक्रार खरी ठरेल किंवा खोटी ठरेल. काही अंशी दोन्ही ठरण्याचा संभव अधिक आहे. पण तोपर्यंत "पूर्वीचे संस्कार आता राहिले नाहीत" हे वाक्य उच्चारताना प्रत्येकाने त्याआधी "स्यात्" हा एक शब्द जोडावा. नातवासमोर तो जोडण्यास आजोबांनी विसरू नये.

जयजिनेंद्र.